परतण्याचा हेतु

मराठी वाङ्मयांत परदेशगमनाचा विषय नवा नाहीं. पंडिता रमाबाईंनीं युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति वर्णन करणारें आपलें पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध केलें. आणि तेव्हांपासून विलायत-अमेरिकेस जाऊन आलेल्या मंडळींनीं आपल्या भाषेंत प्रवासवर्णनांची वाण पडूं दिलेली नाहीं. जाण्याची हौस, बोटीवरील किंवा विमानांतील गंमत, तिकडची टापटीप, आणि शेवटीं घरच्या पिठलें-भाकरीची आठवण, हा क्रम इतका ठरून गेला आहे कीं चाणाक्ष वाचकानें पहिलें प्रकरण वाचून शेवटचें सांगावें. परंतु जाणें आणि येणें या दोहोंच्या मध्यें एक तिसरी अवस्था असते, ती म्हणजे थांबण्याची. परदेशीं कायम राहण्याचा परवाना मागून तो मिळेपर्यंत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें ताटकळत बसलेला मराठी माणूस आज मुळींच दुर्मिळ नाहीं. त्याची कथा आमच्या वाचनांत क्वचितच येते. आणि जेथें येते तेथें ती भलत्याच सांच्यांत ओतलेली असते, अशी आमची तक्रार आहे.

ही अवस्था म्हणजे नेमकी काय तें प्रथम सांगितलें पाहिजे. आम्ही राहतों त्या जालना जिल्ह्यांत ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, त्या आईबापांसही ती नीटशी ठाऊक नसते. ‘ग्रीन कार्ड अजून झालें नाहीं’ इतकेंच त्यांस माहीत असतें, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस तितकेंही नसतें. तिकडच्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे सुमारें १,४०,००० परवाने दरवर्षीं देतां येतात, व त्यांतच बायकामुलेंही मोजलीं जातात. शिवाय कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांच्या वांट्याला सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक जावयाचे नाहींत असा निर्बंध आहे. देश चिमुकला असो कीं भारताएवढा असो, मर्यादा एकच. त्यामुळें भारतांत जन्मलेल्यांची रांग अतोनात लांबली. ज्या दिवशीं मालकानें अर्जाची पहिली पायरी गांठली तो दिवस अर्जदाराच्या नांवावर लिहिला जातो, आणि तिकडचें परराष्ट्र खातें दरमहा एक पत्रक काढून कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज निकालास घेतले जातील तें जाहीर करतें. पंचांगांत मुहूर्त पाहावा तसें हें पत्रक घरोघर पाहिलें जातें.

आतां या पत्रकाची करणी पाहा. सप्टेंबर २०२२ मध्यें भारतीयांच्या दुसऱ्या वर्गाची तारीख १ डिसेंबर २०१४ अशी होती. ऑक्टोबरांत ती १ एप्रिल २०१२ वर आली, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत ८ ऑक्टोबर २०११ वर. तीन महिन्यांत तीन वर्षांहून अधिक मागें! पुढें १ मार्च २०१२ ही तारीख दिसावयास जानेवारी २०२४ उजाडला. रांगेंत उभा असलेला माणूस पुढें सरकतो किंवा जागच्या जागीं राहतो, एवढेंच आजवर आपण पाहिलें होतें. उभ्या माणसाच्या पायाखालून रांगच मागें ओढली जावी, असा अनुभव देणारी उपमा आमच्या भाषेंत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. त्या मधल्या काळांत हा मनुष्य ज्या तात्पुरत्या परवान्यावर राहतो त्याची मुदत तीन व तीन मिळून सहा वर्षांची. पुढील वाढ केवळ अर्ज पडून आहे या आधारावर. नोकरी सुटली तर साठ दिवसांत दुसरी पाहावयाची, नाहींतर देश सोडावयाचा. बायको पदवीधर असली तरी २०१५ पर्यंत तिला या अवस्थेंत नोकरी करतां येत नव्हती. आणि कडेवर नेलेलें मूल रांग संपण्यापूर्वीं एकवीस वर्षांचें झालें, तर कांहीं सवलती मोजूनही तें बापाच्या अर्जांतून गळून पडतें. ज्या मुलाला जालना म्हणजे फोनवरचे आजीआजोबा एवढेंच माहीत, त्यानें आतां कोठें परतावयाचें?

इतकें नाट्य ज्यांत भरलेलें आहे तो विषय आमच्या लेखकांनीं कां टाळावा? आमच्या मतें त्याचें कारण असें कीं त्यांच्या हातीं एक फार जुना व फार सुंदर सांचा आहे, आणि तो टाकवत नाहीं. हा सांचा याच जिल्ह्यांत घडला म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. बारा वर्षांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून पळाला, नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षें तपश्चर्या केली, पुढें बारा वर्षें तीर्थाटन केलें, आणि जांबेस परतला तेव्हां राणूबाईंची दृष्टि रडून रडून गेलेली होती, असें चरित्रकार सांगतात. आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस किती उतरते हा प्रश्न येथें गैरलागू आहे. तिची घडण पाहावी. जाणारा स्वेच्छेनें जातो, स्वेच्छेनें परततो. थांबते ती आई. चोवीस वर्षांच्या त्या वाटेवर कोणत्याही कचेरींत त्या तरुणास ‘तूं परत जाणार कीं येथेंच राहणार’ असें विचारणारा बसलेला नव्हता. म्हणून त्याच्या न येण्याचा सगळा भार, त्याच्या येण्याचा सगळा आनंदही, त्याच्या एकट्याच्या मनावर टाकतां येतो.

जयवंत दळवींचें ‘संध्याछाया’ हें नाटक याच सांच्याचें आधुनिक व अतिशय प्रभावी रूप आहे. थोरला मुलगा अमेरिकेंत, धाकटा वायुदलांत. घरांत नाना आणि नानी, व त्यांच्याभोंवतीं हळूहळू दाटत जाणारी संध्याकाळ. धाकटाही पुढें हिरावला जातो. मागील शतकांतील सत्तरीच्या दशकांत ज्यांनीं तें रंगभूमीवर पाहिलें त्यांस त्याचा चटका आजही विसरतां येत नाहीं. या नाटकाविषयीं आमची तक्रार नाहीं. १९४६ सालीं ज्या देशानें भारतीयांस वर्षास अवघे शंभर परवाने देऊं केले होते, त्यानें १९६५ च्या कायद्यानें आपलीं दारें उघडलीं, आणि त्या दारांतून गेलेल्या पहिल्या पिढीस आजच्यासारखी प्रतीक्षा करावी लागली नाहीं. दळवींच्या नाटकांतला मुलगा येऊं शकत होता. तो येत नाहीं हा त्याचा निर्णय आहे, आणि म्हणून नाटकाचा दंश खरा आहे.

खोटेपणा शिरला तो पुढें. दळवींचा सांचा जशाचा तसा उचलून गेलीं तीस वर्षें एकांकिका आणि दिवाळी अंकांतल्या कथा लिहिल्या जात आहेत. वडील जातात, फोन होतो, मुलगा ‘कामाच्या व्यापामुळें’ येत नाहीं, शेजारचा गरीब मुलगा अग्नि देतो, दहाव्याला कावळा शिवत नाहीं. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतें आणि लेखकाचें काम सोपें होतें. परंतु या मधल्या तीस वर्षांत कायदा, रांग व परवाने यांनीं त्या मुलाच्या पायांत काय अडकविलें आहे, याची चौकशी करावी असें या लेखकांस वाटत नाहीं. परवान्यावर राहणारा मनुष्य बाहेर पडला व त्याच्या पारपत्रावरील शिक्क्याची मुदत संपलेली असली, तर नवा शिक्का वकिलातींतून मिळाल्यावांचून त्यास आपल्या राहत्या घरीं परततां येत नाहीं. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें वकिलाती बंद झाल्या, आणि त्या जूनमध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं अशा परवान्यांवरील नवा प्रवेशच थांबविला. तो हुकूम ३१ मार्च २०२१ पर्यंत चालला. आईबापांच्या आजारपणासाठीं धांवून आलेले कित्येकजण इकडेच अडकले. घर तिकडे, नोकरी तिकडे, क्वचित् मुलेंही तिकडे. जो आला तो अडकला, आणि जो आला नाहीं तो आमच्या कथांत कुलांगार ठरला.

येथें कोणी म्हणेल कीं व्हिसाच्या आड लपणारेही कमी नाहींत. अगदीं बरोबर. शिक्का चालूं असतां ‘शिक्क्याची अडचण आहे’ असें आईस सांगणारा मुलगा आम्हांसही ठाऊक आहे. आणि खरें पाहतां कादंबरीकाराला हाच मनुष्य अधिक मोलाचा वाटला पाहिजे. कारण दहा वर्षें तेंच कारण सांगतां सांगतां तें खरें कारण आहे कीं सबब आहे, हें त्याचें त्यासच कळेनासें होतें. निर्दय मुलगा आणि असहाय मुलगा अशीं दोन निरनिराळीं माणसें करून दोघांस दोन कथांत घालणें सोपें आहे. एकाच माणसांत दोघे राहतात, आणि कोणत्या दिवशीं कोण बोलतो तें पत्रकावरील तारीख ठरविते, हें लिहिणें अवघड.

मग तिकडे राहणाऱ्यांनीं तरी हें लिहावयास हवें होतें. उत्तर अमेरिकेंत मराठी लेखनाची हौस थोडी नाहीं. कॅनडांतून निघालेलें ‘एकता’ हें नियतकालिक आहे, १९८१ सालीं स्थापन झालेलें बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचीं अधिवेशनें, त्यांच्या स्मरणिका आहेत. त्यांतलें जें आमच्या हातीं पडतें त्यांत बर्फ असतें, तळघरांतला गणपति असतो, मुलांस मराठी यावें म्हणून केलेली धडपड असते. हें सर्व मनापासून लिहिलेलें असतें. पण अर्जाचा प्रसंग आला कीं लेखणी एका विनोदावर वेळ मारून नेते. त्याचीं कारणें आम्हांस दिसतात. निकाल लागावयाचा असतां बोलूं नये ही एक भीति. आणि दुसरी त्याहून मोठी, ती लाजेची. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा अशी आमच्या शहराची जुनी ख्याति. असा पाळणा सोडून जो गेला त्यानें तिकडे त्याहून मोठा पाळणा मिळविला असलाच पाहिजे, असें मागें राहिलेले धरून चालतात. पंधरा वर्षांनींही आपण तेथें पाहुणेच आहों, हें गांवास कळविणें कोणास आवडेल? रांग संपलेल्यांस मात्र ती आठवण नकोशी होते. प्रसूतीच्या वेणांप्रमाणें ती विसरली जाते असें म्हणावें, तर मूल हातीं आल्याचा आनंदही त्यांच्या लेखनांत दिसत नाहीं. दिसतो तो थकवा.

गौरी देशपांडे यांच्या नायिका देशोदेशीं राहिल्या. पण त्यांचे झगडे प्रेमाचे आणि स्वातंत्र्याचे, आणि त्यांतच त्या लेखनाची थोरवी आहे. सरकारी मुदत हा त्यांचा विषय नव्हे. तो कोणाचा तरी विषय होणें मात्र जरूर आहे, आणि तो केवळ सामाजिक तक्रार म्हणून नव्हे. या अर्जांच्या मुळाशीं एक शब्द आहे, तो आमच्या मतें सर्वस्वी वाङ्मयाचा आहे. तो शब्द हेतु.

मराठवाड्यास हा शब्द नवा नाहीं. आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यांत होता. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यांतून येणारी गाडी १९०० पासून ब्रिटिश हद्दींतील माणसें येथें आणून सोडीत असे. चलन निराळें, तो हाली सिक्का. दफ्तर निराळें, तें उर्दूंत. आणि सरकारी नोकरी हवी तर मनुष्य ‘मुलकी’ असला पाहिजे. जन्मानें जो मुलकी नव्हता त्यासाठीं नियम असा होता कीं त्यानें राज्यांत किमान पंधरा वर्षें कायमचें वास्तव्य केलेलें असावें, पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा हेतु सोडून दिलेला असावा, आणि तसें प्रतिज्ञापत्र ठरीव नमुन्यावर दंडाधिकाऱ्याच्या सहीनें करून घेतलेलें असावें. पंधरा वर्षें मोजणें सोपें, कॅलेंडर मोजतें. पण हेतु सोडला हें कोणी कसें मोजावें? अहमदनगरास म्हातारी आई आहे, दिवाळीस तिच्याकडे जावयाचें आहे, आणि कागदावर लिहावयाचें कीं परतण्याचा विचार आम्हीं मनांतून काढून टाकला! असें प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्या माणसाची मराठी कथा आम्हीं अजून वाचलेली नाहीं. पुढें १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि येथला तो प्रश्न मिटला. तेलंगणांत मात्र तो धुमसत राहिला, १९७२ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें ते नियम ग्राह्य ठरविले, आणि पुढल्या वर्षीं संसदेस ते रद्द करावे लागले.

या मुलखांत कचेरी आंतून ओळखणारा लेखक झालाच नाहीं असें नाहीं. परतूरजवळच्या सातोन्यास जन्मलेले बी. रघुनाथ निझामाच्या बांधकाम खात्यांत कारकून होते, आणि १९५३ सालीं अवघ्या चाळिशींत ते गेले. दफ्तराच्या धुळीनें माणसाचें मन कसें करपतें हें त्यांच्याइतकें ज्यास कळत होतें असा दुसरा मराठी लेखक त्या काळीं नव्हता, असें आमचें मत आहे. त्यांना अधिक आयुष्य लाभतें तर ही कथा आम्हांस मिळाली असती कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण दृष्टि तयार होती.

परदेशी वाङ्मयांत मात्र हें घडलें आहे. आना झेगर्स या जर्मन लेखिकेची ‘ट्रान्झिट’ ही कादंबरी १९४४ मध्यें प्रसिद्ध झाली. हिटलरच्या सैन्यापुढें पळालेलीं माणसें मार्सेय बंदरांत जमलीं आहेत. एक परवाना येतो तोंवर दुसऱ्याची मुदत संपते. दुसरा नवा करावा तर जहाजाची जागा जाते. आणि त्या शहरांत राहूं द्यावयाचें तर आधीं तेथून निघून जाण्याचा आपला हेतु सिद्ध करावा लागतो! त्या निर्वासितांच्या डोक्यावर मरण होतें आणि आमच्या अभियंत्यांच्या डोक्यावर फार तर नोकरी जाण्याची भीति, हा भेद आम्ही विसरत नाहीं. दोहोंस एका पंक्तीस बसविणें अनुचित होय. परंतु झेगर्सबाईंनीं जें पाहिलें तें आम्हांस शिकण्यासारखें आहे. त्यांच्या कादंबरींत कागद हा प्रसंगाचें निमित्त म्हणून येत नाहीं. माणसें कोणावर प्रेम करतील, कोणाचें नांव घेतील, काय खोटें बोलतील हें तो कागद ठरवितो. प्रतीक्षा हीच तेथें कथा आहे. आमच्या कथेंत प्रतीक्षा ही दोन प्रसंगांमधली मोकळी जागा असते, व तेथें लेखक ‘अशीं दहा वर्षें गेलीं’ असें एक वाक्य टाकून मोकळा होतो.

त्या दहा वर्षांत काय असतें? घर घ्यावें कीं न घ्यावें याचा न संपणारा वाद असतो. बढती नाकारलेली असते, कारण कामाचें स्वरूप बदललें तर अर्जाची पहिली पायरी पुन्हां चढावी लागेल अशी धास्ती. भांडीं स्वस्तांतलीं, सामान हलकें, भिंतीस खिळा ठोकतांना ओढलेला हात. आणि कायद्याची एक विलक्षण भाषा असते. अखेरच्या टप्प्यावरील अर्जदार योग्य व्हिसा किंवा पूर्वपरवानगी नसतां देशाबाहेर गेला, तर त्यानें आपला अर्जच टाकून दिला असें मानण्यांत येतें. मुलकी नियमांत टाकावयाचा होता तो परतण्याचा हेतु. येथें परतल्यानेंच राहण्याचा हेतु टाकल्यासारखें होतें. आईच्या उशाशीं बसलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें कांहींतरी सोडून देत असतो, आणि तिकडच्या आपल्या खोलींत बसलेला मनुष्य आईच्या दृष्टीनें. या दोन वाक्यांच्या मध्यें एक कादंबरी उभी आहे.

आणि या कथेला इकडची बाजूही आहे, जी ‘संध्याछाये’च्या अनुयायांनीं कधीं पाहिलेली नाहीं. मुलगा येऊं शकत नाहीं म्हणून आईबापच जावयास निघतात. त्यांस लागतो तो पाहुण्याचा व्हिसा. आणि तो मागणारा प्रत्येक मनुष्य तेथेंच राहण्याच्या हेतूनें येत आहे असें तिकडचा कायदा गृहीत धरतो. तसें नाहीं हें सिद्ध करण्याचें ओझें अर्जदारावर. २०२२ च्या सुमारास मुंबईच्या वकिलातींत त्या भेटीची तारीखच दोन वर्षांहून अधिक लांबची मिळत होती. ज्या जिल्ह्यांत बाप उभा जन्म राबला, तेथें तो परत येणार आहे याचा पुरावा त्यानें गोळा करावयाचा. मग तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढावयाचा, बँकेचें पुस्तक भरून घ्यावयाचें, पेन्शनचा कागद शोधावयाचा, आणि रात्रीच्या देवगिरीनें मुंबई गांठावयाची. खिडकीमागचा अधिकारी तो उतारा पाहीलच असें नाहीं. पुष्कळदां तो एक-दोन प्रश्नांतच निकाल देतो. पण पिशवींत तो असतो. त्यावर गट क्रमांक असतो, मोसंबीची नोंद असते, विहिरीची असते, आणि वारस म्हणून पुढें ज्याचें नांव लागावयाचें तो मुलगा त्याच वेळीं समुद्रापलीकडे महिन्याचें पत्रक उघडून आपली तारीख पाहत असतो.